नायकुंडच्या शिलावर्तुळांत राजाचा शोध

पारशिवनी तालुक्यात, पेंच नदीच्या काठावर, नयाकुंड गावाच्या परिसरात दगडांचे मोठे गोल आहेत. माणसाच्या गुडघ्याइतके, कधी कमरेइतके गोटे एकमेकांना खेटून लावलेले, आतली जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडी उंच, वर गवत आणि झुडपे. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत हे ठिकाण नायकुंड या नावाने येते आणि या गोलांना शिलावर्तुळे म्हणतात. ती दफने आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात राहणाऱ्या, लोखंड घडवणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या, पण एक अक्षरही लिहून न ठेवलेल्या लोकांची.

या दफनांत राजा आहे का, हा प्रश्न नागपूर जिल्ह्यात जुना आहे. ही वर्तुळे गवळी राजांची, अशी लोकसमजूत मध्य प्रांताच्या जुन्या गॅझेटियरात नोंदलेली आहे. पुरातत्त्व शिकायला आलेला विद्यार्थी हीच समजूत वेगळ्या शब्दांत घेऊन येतो. त्याने तुतनखामेनबद्दल वाचलेले असते. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरने उघडलेली ती कबर, सोन्याचा मुखवटा, भिंतीवरची चित्रे हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर असते. सिकंदराची कबर अजून सापडलेली नाही, चंगेजखानाची सापडलेली नाही, हेही त्याला ठाऊक असते. मात्र त्या शोधांत कोणाला शोधायचे ते आधीपासून माहीत असते. इजिप्तमध्ये राजाचे नाव कोरलेले असते, सिकंदराच्या मागे इतिहासकारांचे लेखन आहे. पेंचेच्या काठी सुरुवात नावाशिवाय करावी लागते, आणि इथल्या कामाची खरी अवघड बाजू तीच आहे.

या भागातील शोधाची पहिली ठळक तारीख दुःखद आहे. स्कॉटलंडहून १८४५ मध्ये नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे उत्तम भूशास्त्रज्ञही होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूर जिल्ह्यातल्याच टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते त्या दौऱ्यावर होते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यानंतर १८६७ च्या सुमारास हॅरी रिव्हेट-कार्नाक यांनी नागपूरलगतच्या जुनापाणी येथील वर्तुळे उघडली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर लिहिले. काही गोट्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत, हे त्यांनी बारकाईने टिपले. हे खळगे सूर्य किंवा ताऱ्यांच्या दिशा दाखवत असावेत का, यावर अलीकडे खगोलशास्त्रज्ञांनीही काम केले आहे.

जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळे आहेत. हा आकडा प्रत्येक पुस्तकात येतो, प्रत्येक अभ्यास सहलीत सांगितला जातो, आणि राजाच्या गोष्टीला पहिला धक्काही तोच देतो. एका माळावर ३०० राजे कसे? पिढ्यान्पिढ्या चाललेली दफनभूमी म्हटली तरी इतके सत्ताधीश एका ठिकाणी मावत नाहीत. म्हणजे वर्तुळ मिळणे हा केवळ राजाचा मान नव्हता. मग तो कोणाचा होता, हे शोधायला स्वातंत्र्यानंतरचे उत्खनक निघाले.

बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणीला उत्खनन केले. पण विदर्भाच्या महापाषाण संस्कृतीचे, म्हणजे मोठ्या दगडांची दफने रचणाऱ्या या लोकांच्या संस्कृतीचे, चित्र उभे केले ते नागपूर विद्यापीठातील डॉ. शां. भा. देव यांनी. १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा, १९७० ते ७२ मध्ये माहूरझरी, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्यासह नायकुंड. या उत्खननांचे अहवाल आजही प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर असतात.

विद्यार्थ्याचे स्वतःचे काम बहुतेक वेळा खणण्याचे नसते. उत्खननाला १९५८ च्या कायद्यानुसार केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो आणि तो संस्थेला मिळतो, एकट्या संशोधकाला सहसा नाही. एकट्याच्या वाट्याला येते ती पाहणी. पावसाळा संपून गवत वाळले की गावोगाव हिंडायचे. गुराख्यांना विचारायचे, कारण माळावरचा प्रत्येक गोटा त्यांनाच ठाऊक असतो. वर्तुळ सापडले की उत्तर दिशा ठरवायची, टेप लावायची, प्रत्येक गोट्याला क्रमांक द्यायचा, त्याची लांबी, रुंदी, उंची लिहायची, दगडाची जात ओळखायची. जुनापाणीला दख्खनचा काळा पाषाण आहे. पूर्वेकडे तो संपत जातो आणि दगड बदलतो. गोटा जवळचा की लांबून आणलेला, हे त्यावरून कळते. जिथे गोटा नाही तिथे रिकामी जागाही मोजून नोंदवायची.

हे काम रूक्ष वाटते, पण राजाच्या प्रश्नाचा सगळ्यात भक्कम पुरावा त्यातच आहे. ज्या वर्तुळाचा व्यास शेजारच्यापेक्षा मोठा, गोटे जास्त वजनाचे आणि दुरून आणलेले, त्यासाठी जास्त हात लागले. एवढे हात कोणी गोळा केले, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

प्रत्यक्ष उत्खननात वर्तुळाचे चार भाग करतात आणि समोरासमोरचे भाग आधी खणतात, म्हणजे मधल्या उभ्या भिंतींत थर वाचता येतात. विदर्भातल्या वर्तुळांत या भिंतींवर एक गोष्ट डोळ्यांत भरते. गोट्यांच्या आत काळी, चिकट माती आणि लहान दगडगोटे यांचा भराव थरांवर थर घातलेला असतो. खालची जमीन कित्येकदा मुरमाची. काळी माती तिथली नाहीच, ती मुद्दाम आणून टाकलेली. उन्हात ही माती दगडासारखी होते आणि टिकाव उसळून परत येतो. पाणी शिंपडले तर ती पायाला, घमेल्याला, हाताला चिकटते आणि खोलवरच्या थरातून कोंदट वास सुटतो. माणसांच्या हाडांजवळ जाताना सोबत असतो तो याच मातीचा वास. ज्यांनी ती वाहून आणली त्यांनाही ती अशीच चिकटली असणार.

टिकाव आणि फावडे गावातल्या मजुरांच्या हाती असते. माती बदलली की टिकावाचा आवाज बदलतो आणि मजूर आपणच थांबतो; पर्यवेक्षकाला ते नंतर कळते. चाळणीवर बहुधा बायका असतात. घमेले आले की चाळणी हलवायची, ढेकळे बोटांनी फोडायची, खडे फेकायचे. त्या खड्यांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा कार्नेलियनचा मणी असू शकतो, लालसर, मातीने माखलेला, खड्यापेक्षा वेगळा न दिसणारा. तो ओळखणारी नजर चाळणीवरच्या बाईची. अहवालात मण्याचा नोंदणी क्रमांक येतो, वजन येते, छायाचित्र येते. ती येत नाही. पुरातत्त्वाच्या लेखनातली ही उणीव आहे आणि ती भरून काढणे अजूनही शक्य आहे.

वर्तुळांतून काय मिळाले? काळी-तांबडी भांडी, अभ्रकयुक्त मातीची लाल भांडी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, भाले, खंजीर, तांब्याच्या बांगड्या आणि घंटा, पक्ष्याच्या आकृतीची मूठ असलेली तांब्याची झाकणे. माहूरझरीला सोन्याचे दागिने आणि तांब्याची मूठ असलेले लोखंडी खंजीर मिळाले. त्याहून महत्त्वाचा आहे घोडा. माहूरझरी आणि नायकुंडसह विदर्भातल्या अनेक ठिकाणी दफनांत घोड्याचे अवशेष आहेत. माहूरझरीला घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याच्या पत्र्याचा साज मिळाला, आणि हाडांवरच्या खुणांवरून घोडा बळी दिला असावा असे देवांनी मांडले. घोडा पोसणे, त्याला तांब्याने सजवणे आणि मालकाबरोबर मातीत घालणे हे सगळ्यांना परवडणारे नव्हते. इथे एखादा टोळीप्रमुख, एखादा बलवान योद्धा नक्की डोकावतो. राजा म्हणण्यापेक्षा प्रमुख म्हणणे पुराव्याला धरून आहे, कारण राजवाडा, कोट, कोष, नाणे यांतले काहीच या वर्तुळांच्या जोडीला उभे राहत नाही.

या अनुमानावर एक अंकुश नेहमी ठेवावा लागतो. विदर्भातल्या बऱ्याच वर्तुळांत माणसाची हाडे थोडीच आणि तुटक मिळतात. पूर्ण सांगाडा क्वचित. शव आधी दुसरीकडे ठेवून नंतर काही अस्थी वर्तुळात आणत असावेत. मग वर्तुळ एका माणसाचे की एका कुळाचे, हेच अनेकदा सांगता येत नाही. शिवाय मोठे दगड उभारायला राजाच लागतो, असेही नाही. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडकडचे माडिया गोंड मृतांच्या स्मरणार्थ आजही दगड उभे करतात. दगड आणायला नातेवाईक आणि गावकरी जमतात, जेवण होते, काम आपसांत वाटले जाते. त्यांच्या रीतीला तीन हजार वर्षांमागे जसेच्या तसे नेऊन चिकटवणे चुकीचे ठरेल. पण श्रम आज्ञेनेही जमतात आणि नात्यानेही, एवढे त्यातून नक्की दिसते. जुनापाणीच्या ३०० वर्तुळांना नात्याचे उत्तर जास्त शोभते.

ज्यांना खरोखर राजा म्हणता येईल ते या भागात पुढे आले आणि त्यांची नावेही आपल्याला माहीत आहेत. पारशिवनीच्या शेजारी रामटेक तालुक्यात वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होती. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने इथून लहान मुलांच्या वतीने कारभार केला. त्याच तालुक्यातल्या मनसरला जगतपती जोशी आणि अ. कृ. शर्मा यांच्या उत्खननात विटांचे भव्य बांधकाम आणि चुन्याची एक मनुष्याकृती मिळाली. तिचा अर्थ त्यांनी पुरुषमेधाशी, म्हणजे नरबळीच्या यज्ञाशी, जोडला, इतरांनी वेगळा लावला. पण हे राजघराणे दहनाच्या परंपरेतले होते. त्यांच्या आठवणी देवळांच्या आणि ताम्रपटांच्या रूपाने उरल्या, कबरींच्या नाही. रामटेकच्या टेकडीवर राजा आहे पण दफन नाही, आणि नायकुंडला दफन आहे पण राजाचे नाव नाही. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहता येतात, आणि विद्यार्थ्याने ती तशी पाहावीत.

नायकुंडचे खरे मोल मात्र वर्तुळांच्या बाहेर आहे. तिथे दफनांच्या जोडीला वस्तीची जागाही सापडली, आणि विदर्भात ही जोडी फार ठिकाणी मिळत नाही. वस्तीच्या थरांतून घरांच्या खुणा, जळलेले धान्य आणि एक भट्टी मिळाली. लोखंड गाळण्याची भट्टी, मातीच्या विटांची, लहानशी, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांसह, आणि भोवती लोहकिटाचा ढीग. या नळ्या उष्णतेने काचेसारख्या वितळलेल्या आहेत. भट्टी चालवणाऱ्याला खनिज आणि कोळसा किती थरांनी घालायचा, भाता किती वेळ आणि किती जोराने फुंकायचा, केव्हा थांबायचे, हे लिहून ठेवता येत नव्हते. ते हातात असायचे आणि हातातूनच पुढे जायचे. भात्यावर माणसे सतत बदलत राहिली असणार, कारण आच पडली की सगळा घाणा वाया. आतून निघालेला स्पंजासारखा लोखंडाचा गोळा तापवून, ठोकून त्यातली कीट काढावी लागे, आणि मग कुठे कुऱ्हाड. माहूरझरीच्या एका छिन्नीची तपासणी झाली तेव्हा ती पोलादाची निघाली, म्हणजे लोखंडात कार्बनचा अंश किती मुरवायचा हेही त्यांना जमत होते.

वर्तुळातला तांब्याच्या मुठीचा खंजीर पाहताना हा लोहार विसरून चालणार नाही. प्रमुखाची सत्ता ज्या लोखंडावर उभी होती ते लोखंड याच भट्ट्यांतून आले. त्या खंजिराचा मालक कोण होता याहून तो घडवणारा काय जाणत होता, हे नायकुंडने जास्त स्पष्ट सांगितले आहे, आणि विदर्भाच्या इतिहासासाठी तेच अधिक कामाचे आहे. प्रबंधात एका राजाऐवजी एका लोहाराचे प्रकरण आले तर तो प्रबंध अधिक पक्क्या जमिनीवर उभा असेल.

पारशिवनी तालुक्यात आज शेती, संत्र्याच्या बागा, वाळूचे उपसे आणि कन्हानकडच्या कोळसा खाणी एकाच जमिनीवर हक्क सांगतात. गोटे बांधाला लागतात, घराच्या पायाला लागतात, ट्रॅक्टरच्या नांगराला अडतात. जुनापाणीसारखी काही ठिकाणे केंद्रीय संरक्षणाखाली आहेत. अनेक ठिकाणची वर्तुळे शेतात, पडीत जमिनीत, रस्त्याकडेला आहेत. एकेक गोटा उचलला गेला की आधी गोलाचा आकार जातो, मग व्यास मोजता येत नाही, शेवटी आतली काळी माती चांगले शेत म्हणून नांगरली जाते. जुनापाणीच्या ३०० पैकी शास्त्रीय रीतीने उघडलेली वर्तुळे मोजकीच आहेत. न उघडलेली वर्तुळे तशीच राहिली तर चांगलेच, कारण पुढच्या पिढीकडे मातीतून आणि हाडांतून अधिक माहिती काढणारी साधने असतील. तोपर्यंत लागते ती नोंद: गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, व्यास, उभ्या गोट्यांची संख्या, गेलेल्या गोट्यांची संख्या, शेतमालकाची परवानगी, आणि ज्याने वाट दाखवली त्या गुराख्याचे नाव, त्याची हरकत नसेल तर.