सायकल घेण्याआधी टेप घ्या

फर्स्ट इयरला मी मागे-पुढे शॉकअप असलेली सायकल घेतली. दिसायला एकदम बाईक! सिंहगडाच्या पहिल्याच चढावर कळलं, आपण मारलेला जोर मागचा शॉकअपच खातो. त्यात लोखंडी फ्रेम. गुडघे धरले, शेवटी निम्म्या किमतीत विकली. म्हणून हा लेखनप्रपंच.

दुकानात नुसती ‘जेन्ट्स एमटीबी’ मागून भागत नाही. उंचीपेक्षा पायाची आतली लांबी महत्त्वाची. अनवाणी भिंतीला टेका, वही दोन पायांमध्ये घट्ट वर धरा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. फ्रेमची वरची दांडी यापेक्षा निदान ५ सेंमी खाली हवी. खडकाळ वाटेत अचानक पाय टेकावा लागला, तर ते ५ सेंमी काय वाचवतात हे मुलांना सांगायला नको! सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली, की गुडघा जेमतेम सरळ व्हावा.

चाक २७.५ की २९ इंची, हा वाद मेसमध्ये घाला. २९ खड्ड्यांवरून सहज जातं, बुटक्यांना २७.५ सोपं. बजेट कमी असेल तर शॉकअप फक्त पुढे, उरलेले पैसे ब्रेकवर. सेकंडहँड घेताना फ्रेमचे जोड बघा. वेल्डिंगजवळ बारीक चीर दिसली, तर फुकटही आणू नका.