तहान लागण्याची वाट पाहू नका : उन्हाळ्यातील जलसंतुलन आणि आपले आरोग्य

उन्हाळ्यात आपले शरीर स्वतःला थंड ठेवण्यासाठी प्रामुख्याने घामावर अवलंबून असते. त्वचेवरील घामाचे बाष्पीभवन होताना शरीरातील उष्णता बाहेर टाकली जाते. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातून तासाभरात एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. हे पाणी वेळेवर भरून निघाले नाही, तर रक्ताचे प्रमाण घटते, हृदयावर ताण येतो, मूत्रपिंडांच्या कार्यात अडथळा निर्माण होतो आणि अखेरीस घाम येण्याची क्रियाही मंदावते. म्हणूनच पुरेसे पाणी पिणे हा उन्हाळ्यातील आरोग्यरक्षणाचा पहिला उपाय आहे.

तहान उशिरा जाणवते

तहान लागते तेव्हा शरीरातील पाणी कमी होण्यास आधीच सुरुवात झालेली असते. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत साधारण सव्वा लिटर पाणी कमी झाले, तरी थकवा, डोकेदुखी आणि एकाग्रतेचा अभाव जाणवू लागतो. वृद्धांमध्ये तहानेची जाणीव मुळातच क्षीण झालेली असते. लहान मुलांना ती सांगता येत नाही. म्हणून तहान नसली तरी ठरावीक अंतराने पाणी प्यावे. उन्हात काम करताना दर २० मिनिटांनी एक पेला पाणी पिणे हितावह आहे. एकाच वेळी पुष्कळ पाणी पिण्यापेक्षा थोडे थोडे, पण वारंवार प्यावे.

शरीराला पाणी पुरेसे मिळते की नाही, हे लघवीच्या रंगावरून ओळखता येते. फिकट पिवळा रंग समाधानकारक समजावा. रंग गडद असेल किंवा अनेक तास लघवीला झाले नसेल, तर त्वरित पाणी प्यावे.

केवळ पाणी नव्हे, क्षारही आवश्यक

घामावाटे पाण्याबरोबर मीठही निघून जाते. दीर्घकाळ घाम गाळल्यानंतर केवळ साधे पाणी भरपूर प्यायल्यास शरीरातील सोडियमचे प्रमाण घटू शकते. अशा वेळी आपल्या देशातील परंपरागत पेये उपयुक्त ठरतात : महाराष्ट्रातील ताक, पन्हे आणि नाचणीची अंबील, कोकणातील व गोव्यातील कोकम सरबत, बिहारमधील सत्तूचे सरबत, दक्षिणेकडील पातळ ताक व पेज, किनारपट्टीवरील शहाळ्याचे पाणी. लिंबू सरबतात चिमूटभर मीठ अवश्य घालावे. कलिंगड, काकडी, संत्री यांचाही आहारात समावेश करावा. मद्य, अतिरिक्त चहा-कॉफी आणि भरपूर साखर असलेली शीतपेये टाळावीत.

जुलाब, उलट्या किंवा अतिश्रमानंतर ओ.आर.एस. म्हणजेच जलसंजीवनी द्यावी. तिच्यातील ग्लुकोजमुळे आतड्यातून सोडियम व पाणी वेगाने शोषले जाते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरील द्रावण पाजून कॉलराच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घ्यावे, संपूर्ण पाकीट एकाच वेळी विरघळवावे आणि द्रावण २४ तासांच्या आत वापरावे. पाकीट उपलब्ध नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये.

विशेष काळजी कोणी घ्यावी?

- सहा महिन्यांखालील बालकांना उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. त्यांना वारंवार स्तनपान द्यावे. स्तनदा मातांनी स्वतः अधिक पाणी प्यावे.
- वृद्धांजवळ पाण्याचा तांब्या सतत ठेवावा. रात्री उठावे लागेल या भीतीने त्यांनी पाणी पिणे टाळू नये. घरातील मंडळींनी त्यांना वेळोवेळी आठवण करावी.
- कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग व उष्माघात यांचा धोका वाढतो. मालकांनी व कंत्राटदारांनी पिण्याचे थंड पाणी, सावली आणि स्वच्छतागृह या तिन्हींची व्यवस्था करावी.
- नव्याने उन्हात कामाला लागणाऱ्यांच्या शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्यांच्या कामाचे तास हळूहळू वाढवावेत.
- हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी तसेच लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी पाण्याचे व मिठाचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

समुद्रकिनारी राहणाऱ्यांनी तापमानाच्या आकड्यावर विसंबून राहू नये. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तुलनेने कमी तापमानातही शरीर तापते. शक्यतो दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हात जाणे टाळावे. बाहेर पडताना पाण्याची बाटली, टोपी, उपरणे किंवा छत्री सोबत घ्यावी आणि सैल, फिकट रंगाचे सुती कपडे वापरावेत.

उष्माघाताची लक्षणे दिसल्यास

चक्कर, मळमळ, स्नायूंत गोळे येणे, तीव्र अशक्तपणा ही धोक्याची सूचना समजावी. अशा व्यक्तीला सावलीत आणून पाणी किंवा जलसंजीवनी घोट घोट द्यावी. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा अधिक असून व्यक्ती असंबद्ध बोलत असेल, तिला झटके येत असतील किंवा ती बेशुद्ध झाली असेल, तर तो उष्माघात होय. ही आणीबाणीची स्थिती आहे. त्वरित १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघेत थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

उष्माघात बहुतांशी टाळता येतो. स्वतः वेळेवर पाणी प्या आणि शेजारच्या एकट्या वृद्धाची, दारी आलेल्या श्रमिकाचीही विचारपूस करा.