ओरिजिनल व्हिडिओ अ‍ॅनिमेशन

ओरिजिनल व्हिडिओ अ‍ॅनिमेशन (संक्षेप: ओव्हीए) म्हणजे दूरचित्रवाणीवर किंवा चित्रपटगृहात आधी न दाखवता थेट व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी किंवा ब्लू-रे या स्वरूपात विक्रीस आणलेली जपानी अ‍ॅनिमे कलाकृती. सुरुवातीच्या काळात ओव्हीए या बहुधा स्वतंत्र कथा असत. पुढे लोकप्रिय मालिकांचे जादा भाग, पूर्वकथा आणि दुय्यम पात्रांवरील उपकथा याच मार्गाने येऊ लागल्या. आजचा प्रेक्षक 'ओव्हीए' म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो.

महाभारतातील नलोपाख्यानासारखी उपाख्याने मूळ ग्रंथातच सामावलेली आहेत. वनपर्व वाचणाऱ्याला ती वेगळी शोधावी लागत नाहीत. ओव्हीएचे तसे नाही. येथे उपाख्यान मुख्य कथेबाहेर, निराळ्या वेष्टनात आणि निराळ्या किमतीला मिळते. त्यामुळे मालिकेची कथा कोणापर्यंत किती पोहोचली हे प्रेक्षकाच्या ऐपतीवर आणि तो कोठे राहतो यावर दीर्घकाळ अवलंबून राहिले.

संज्ञा

प्रारंभी 'ओएव्ही' हे संक्षेपही प्रचलित होते. परंतु जपानमध्ये 'एव्ही' ही अक्षरे प्रौढांसाठीच्या चित्रफितींना रूढ झालेली असल्याने अक्षरांचा क्रम बदलून 'ओव्हीए' हे रूप स्थिरावले. मांगाच्या (जपानी चित्रकथेच्या) पुस्तकासोबत तबकडी जोडून दिलेल्या भागाला 'ओएडी' म्हणतात, तर थेट आंतरजालावर प्रदर्शित होणाऱ्या कलाकृतीला 'ओएनए' म्हणतात. दूरचित्रवाणीवरच, पण मालिकेच्या नियमित भागांबाहेर दाखवलेला दीर्घ भाग 'टीव्ही विशेष' या वर्गात मोडतो. चाहते हे सर्व प्रकार सर्रास एकाच नावाने ओळखतात, तथापि प्रत्येकाचा खर्च कोण उचलतो हे वेगळे असते आणि आशयातील बराचसा फरक तेथूनच येतो.

उगम

दूरचित्रवाणीवरील अ‍ॅनिमे मालिकेचा भाग साधारणतः २२ ते २४ मिनिटांचा असतो आणि तो दर आठवड्याला ठरलेल्या वेळी द्यावा लागतो. १९७० आणि १९८० च्या दशकांत अशा अनेक मालिकांचे प्रायोजक खेळणी बनवणारे उद्योग होते. खेळणी खपली नाहीत की मालिका अडचणीत येई. पुढे प्रचंड लोकप्रिय झालेली 'मोबाइल सूट गंडम' (१९७९-८०) ही मालिका पहिल्या प्रसारणाच्या वेळी नियोजित ५२ भागांऐवजी ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली होती.

सोनीची बीटामॅक्स पद्धती १९७५ मध्ये आणि जेव्हीसीची व्हीएचएस पद्धती १९७६ मध्ये बाजारात आली. घरोघरी व्हिडिओ यंत्रे पोहोचल्यावर प्रायोजक आणि वाहिनी या दोघांनाही वगळून कलाकृती थेट प्रेक्षकाला विकणे शक्य झाले. डिसेंबर १९८३ पासून प्रकाशित झालेली 'डॅलोस' ही सामान्यतः पहिली ओव्हीए मानली जाते. चंद्रावरील खाणकामगारांच्या वसाहतीतील बंडाची ही कथा मामोरू ओशी आणि हिसायुकी तोरिउमी यांनी दिग्दर्शित केली होती. १९८५ च्या 'मेगाझोन २३' चे काम दूरचित्रवाणी मालिका म्हणून सुरू झाले होते. प्रायोजकाने माघार घेतल्यावर ती व्हिडिओवर आणण्यात आली आणि चांगली खपली. वाहिनीला नको असलेली कथाही ग्राहकाला हवी असू शकते, हे यातून निर्मात्यांच्या लक्षात आले.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी अर्थव्यवस्था तेजीत होती आणि या प्रकारात पैसा मुबलक आला. कॅसेट महाग असत. त्यामुळे अनेक प्रेक्षक त्या व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणत. लांबीचे बंधन नव्हते, प्रसारणाचे नियम लागू नव्हते आणि दर आठवड्याची घाईही नव्हती. या सवलतीचा काहींनी केवळ रक्तपात आणि नग्नता दाखवण्यासाठी उपयोग केला, हेही नमूद केले पाहिजे. पाश्चात्त्य देशांत सुरुवातीला पोहोचलेल्या कॅसेटमध्ये अशा कलाकृतींचा भरणा असल्याने अ‍ॅनिमेविषयी तेथे एक विपरीत समज दृढ झाला. दुसरीकडे हिदेआकी आन्नो यांनी 'गनबस्टर' (१९८८-८९) या सहा भागांच्या ओव्हीएतून दिग्दर्शनात पदार्पण केले आणि तिचा अखेरचा भाग जवळजवळ संपूर्ण कृष्णधवल ठेवला. योशिकी तानाका यांच्या कादंबऱ्यांवर आधारित 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' ही मुख्य मालिका १९८८ ते १९९७ या काळात ११० भागांत पूर्ण झाली. तिच्या कॅसेट वर्गणीदारांना टपालाने पाठवल्या जात.

उपकथा आणि पूर्वकथा

गाजलेल्या मालिकेच्या विश्वातच, पण तिच्या नायकाला बाजूला ठेवून सांगितलेली कथा हे ओव्हीएचे सर्वांत फलदायी रूप ठरले. १९८९ मधील 'गंडम ००८०: वॉर इन द पॉकेट' हे त्याचे ठळक उदाहरण होय. गंडम मालिकेची ही पहिली ओव्हीए. मूळ निर्माते-दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांच्याऐवजी फुमिहिको ताकायामा यांनी तिचे दिग्दर्शन केले. मूळ मालिकेतील युद्ध येथे अंतिम टप्प्यात आहे, मात्र ते दिसते एका तटस्थ वसाहतीत राहणाऱ्या आल नावाच्या शाळकरी मुलाच्या नजरेतून. युद्धाचे त्याला विलक्षण आकर्षण वाटते. गुप्त मोहिमेवर आलेल्या बर्नी या तरुण सैनिकाशी त्याची मैत्री जुळते. शेजारी राहणारी ख्रिस प्रत्यक्षात शत्रुपक्षाच्या नव्या यंत्राची चालक आहे, हे बर्नीला ठाऊक नसते आणि समोरच्या यंत्रात बर्नी आहे हे ख्रिसला कळत नाही. बर्नी तिच्याच हातून मारला जातो आणि हे सत्य फक्त मुलाला माहीत राहते. ज्या मालिकेची यंत्रे खेळणी म्हणून विकली जातात, तिच्याच शाखेने युद्धाच्या खेळाकडे इतक्या कठोरपणे पाहावे, ही गोष्ट खेळण्यांच्या जाहिरातींमध्ये दाखवल्या जाणाऱ्या साप्ताहिक भागात जमणे अवघड होते.

'रुरोनी केनशिन' ची १९९९ मधील चार भागांची पूर्वकथाही याच जातीची आहे. नोबुहिरो वात्सुकी यांच्या मांगावरील दूरचित्रवाणी मालिकेत (१९९६-९८) विनोदाला बरीच जागा होती आणि नायकाच्या गतायुष्याची सविस्तर हकीकत सांगण्यापूर्वीच ती संपली. काझुहिरो फुरुहाशी दिग्दर्शित ओव्हीएने तोकुगावा राजवटीच्या अखेरच्या वर्षांतील मारेकरी केनशिन आणि त्याची पत्नी तोमोए यांची शोकान्त कथा संथ, जवळजवळ विनोदरहित शैलीत मांडली. दोन्ही कलाकृती लागोपाठ पाहिल्यास नायक एकच आहे यावर विश्वास बसणे कठीण जाते.

सर्वच जादा भाग या तोलाचे नाहीत. गरम पाण्याच्या झऱ्यावरील सहल, समुद्रकिनारा, शाळेतला उत्सव हे ठरावीक विषय असलेले असंख्य भाग केवळ तबकडीचा खप वाढवण्यासाठी तयार झाले आहेत. 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' च्या तबकड्यांसोबत आलेले चार लघुभाग या दोन टोकांच्या मधले म्हणता येतील, त्यांपैकी एकात नायकांच्या गुरू इझुमी यांच्या तरुणपणीच्या खडतर साधनेची गमतीशीर हकीकत आहे. क्वचित मालिकेच्या आधीच ओव्हीए येते. 'वन पीस' चे पहिले अ‍ॅनिमे रूपांतर १९९८ मध्ये एका फिरत्या कार्यक्रमासाठी तयार झाले होते; दूरचित्रवाणी मालिका त्यानंतर, १९९९ मध्ये सुरू झाली.

विकत घ्यावा लागणारा उत्तरार्ध

काही वेळा जादा भाग हा जादा राहतच नाही. 'हंटर × हंटर' ची पहिली दूरचित्रवाणी मालिका २००१ मध्ये ६२ भागांनंतर कथेच्या ऐन मध्यावर थांबली. पुढील कथानक २००२ ते २००४ या काळात तीन ओव्हीए मालिकांच्या एकूण ३० भागांतून आले. साप्ताहिक प्रसारण विनामूल्य पाहणाऱ्या प्रेक्षकाला ते भाग भाड्याने आणण्यावाचून किंवा विकत घेण्यावाचून पर्याय उरला नाही.

'अटॅक ऑन टायटन' च्या बाबतीत हा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. मांगाच्या विशेष आवृत्त्यांसोबत २०१३ ते २०१८ या काळात आठ ओएडी प्रकाशित झाल्या. त्यांपैकी पहिली, 'इल्झेची वही', १२ व्या खंडासोबत डिसेंबर २०१३ मध्ये आली. तुकडीपासून तुटलेली, घोडा आणि साधने गमावलेली सैनिक इल्झे मृत्यू समोर दिसत असतानाही वहीत नोंदी करीत राहते. तिच्यासमोरचा टायटन चक्क मानवी शब्द उच्चारतो. त्यात 'यमिर' हे नाव असते. हे नाव पुढे संपूर्ण कथेच्या केंद्रस्थानी येते. मांगाच्या वाचकाला हा प्रसंग पाचव्या खंडातील विशेष प्रकरणात भेटला होता, परंतु २०१३ मध्ये केवळ दूरचित्रवाणीवरील पहिले पर्व पाहणाऱ्याला त्याचा मागमूसही नव्हता. 'नो रिग्रेट्स' या दोन भागांतून लीवायचे पूर्वायुष्य आणि 'लॉस्ट गर्ल्स' या तीन भागांतून अ‍ॅनी व मिकासा यांच्या कथा उलगडतात.

प्रामाण्य

उपकथेतील घटना मुख्य कथेत घडल्या असे मानावे काय, यावर चाहत्यांमध्ये कायम वाद होतात. याला एकच नियम नाही. 'मॅक्रॉस २' (१९९२) मूळ निर्मितीगटातील शोजी कावामोरी यांच्या सहभागाशिवाय झाली आणि पुढे ती समांतर विश्वातील कथा मानली गेली. कावामोरी यांच्या 'मॅक्रॉस प्लस' (१९९४-९५) ला मात्र मुख्य कालक्रमात स्थान आहे.

सर्वांत रंजक उदाहरण 'ड्रॅगन बॉल झेड' मधील आहे, जरी ते ओव्हीए नसून टीव्ही विशेष आहे. गोकूचा पिता बार्डॉक याची कथा १९९० मध्ये प्रसारित झाली. मूळ चित्रकथाकार अकिरा तोरियामा यांना ती इतकी भावली की त्यांनी बार्डॉकला आपल्या मांगात जागा दिली. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच बार्डॉकची कथा नव्याने, बऱ्याच वेगळ्या तऱ्हेने लिहिली आणि २०१८ च्या 'ड्रॅगन बॉल सुपर: ब्रोली' या चित्रपटात ही नवी कथा वापरली गेली. जुना, निष्ठुर बार्डॉक त्यामुळे बाजूला पडला. पुष्कळ प्रेक्षकांना आजही तोच खरा वाटतो.

स्ट्रीमिंगचा काळ

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेजी ओसरली आणि पुढे रात्री उशिराच्या प्रसारणवेळा अ‍ॅनिमेला खुल्या झाल्या. प्रौढ विषयांना दूरचित्रवाणीवरच वाव मिळू लागल्याने स्वतंत्र कथेची ओव्हीए मागे पडली. 'बाकेमोनोगातारी' (२००९-१०) च्या १५ भागांपैकी १२ प्रसारित झाले आणि उरलेले तीन अधिकृत संकेतस्थळावर दाखवण्यात आले. 'दस स्पोक किशिबे रोहान' चा पहिला भाग 'जोजो' मालिकेच्या तबकड्यांचे सर्व खंड घेणाऱ्यांसाठी भेट म्हणून २०१७ मध्ये तयार झाला. २०२१ मध्ये तो इतर भागांसह नेटफ्लिक्सवर आला.

'अटॅक ऑन टायटन' च्या आठही ओएडी डिसेंबर २०२१ पासून क्रंचीरोल आणि फनिमेशन या सेवांवर क्रमाक्रमाने उपलब्ध झाल्या. मालिकेचे अंतिम पर्व तोवर सुरू झालेले होते. त्यामुळे इल्झेच्या वहीत काय आहे हे अनेक प्रेक्षकांना यमिरचे रहस्य उलगडल्यानंतर पाहायला मिळाले. नव्याने मालिका पाहणाऱ्याला हा भाग पहिल्या पर्वानंतर लगेच पाहता येतो, मात्र त्याची योग्य जागा त्याला स्वतः शोधावी लागते.