कलम १२७ : आरक्षण आणि मुदतीचा कायदा

महाराष्ट्रात जमीनमालकाला बांधकाम परवानगी नाकारली जाते तेव्हा वादाच्या मुळाशी बहुधा विकास आराखड्यातले आरक्षण असते. सातबारा मालकाच्या नावावर, पण आराखड्यात त्याच गटावर शाळा, बगीचा किंवा रस्ता दाखवलेला. अशा वेळी मालकाच्या हाती जी हत्यारे आहेत, ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहेत. त्यांतले सर्वांत धारदार म्हणजे कलम १२७.

परवानगीचा अर्ज कलम ४४ खाली होतो, निर्णय कलम ४५ खाली. नकार द्यायचा तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. ६० दिवसांत काहीच कळवले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते; मात्र प्रस्ताव आराखडा व नियमावलीत तंतोतंत बसला पाहिजे. या मानीव परवानगीवर विसंबून पाया खणणारा मालक पुष्कळदा अनधिकृत बांधकामाची नोटीस हातात घेऊन कोर्टात उभा राहतो. नकाराविरुद्ध ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. अर्ज केला म्हणून त्या दिवशीच्या नियमांवर हक्क बसत नाही. मंजुरीच्या दिवशी जे नियम असतील तेच लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने हावडा महापालिकेच्या खटल्यात सांगितले. म्हणून फाईल रेंगाळण्याचा भुर्दंड शेवटी अर्जदारालाच बसतो.

आरक्षणामुळे मिळालेल्या नकाराला अपिलात सहसा उत्तर सापडत नाही, कारण आराखड्याप्रमाणे तो नकार बरोबरच असतो. खरा प्रश्न वेगळा असतो: जमीन वापरूही द्यायची नाही आणि विकतही घ्यायची नाही, हे किती वर्षे चालणार? कलम ४९ मध्ये शासनाला खरेदी सूचना देण्याची सोय आहे. कलम १२७ त्याहून थेट आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झाले नाही, तर मालकाने हक्काच्या कागदपत्रांसह नियोजन प्राधिकरणाला सूचना द्यायची. ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्याची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि शेजारच्या जमिनीला जे बांधकाम चालते ते इथेही चालते. ही मुदत आधी ६ महिने होती, पुढे १२ झाली, २०१५ पासून २४ आहे. आवक शिक्क्याची पोच जपून ठेवावी लागते, कारण पुढचा सगळा हिशेब त्या तारखेपासून होतो.

‘पावले’ म्हणजे नेमके काय, यावर अनेक वर्षे खटले चालले. मुदत संपत आली की सर्वसाधारण सभेत ठराव करायचा, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव धाडायचा आणि पाऊल उचलले म्हणून सांगायचे, ही नगरपालिकांची सवयच होती. गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती मोडीत काढली: ज्यातून संपादन खरोखर घडेल तेच पाऊल, वेळ काढण्यासाठीचा पत्रव्यवहार नव्हे. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या खटल्यात २०१३ मध्ये हेच मत पुन्हा उचलून धरले गेले. २०११ साली घटनापीठाने मात्र दुसरी बाजूही स्पष्ट केली: जुन्या भूसंपादन कायद्यातली, ठरावीक मुदतीत निवाडा न झाल्यास संपादनच रद्द ठरवणारी तरतूद या अधिनियमाला लागू होत नाही.

संपादन मुदतीत न होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पैसा नसणे. रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, घ्या असे पालिका सुचवतात. मुंबई-पुण्यात त्याला गिऱ्हाईक मिळते. जिथे उंच इमारतींना मागणीच नाही अशा लहान गावात तो कागद घेऊन मालकाने करायचे काय?

आरक्षण व्यपगत झाले की मालक सुटतो, पण वस्तीची शाळा आणि मैदानही जाते, आणि दाटीच्या शहरात ती जागा पुन्हा मिळत नाही. हे नुकसान ज्यांच्या टेबलावर फाईल पडून राहिली त्यांना सोसावे लागत नाही, ही या व्यवस्थेतली सर्वांत अन्यायाची गोष्ट आहे. व्यपगत झाल्याचा आदेश शासनाने राजपत्रात प्रसिद्ध करायचा असतो. त्यानंतर मालक त्याच कार्यालयात कलम ४४ खाली नवा अर्ज दाखल करतो.