असं का होतं? : रंगाखालचा गंज

वैनगंगेकाठच्या बालाघाटात पावसाळा सरला की सायकलच्या दांडीवर रंगाचे फुगे दिसू लागतात. नखाने एक फोडावा, तर खाली तपकिरी भुकटी. वर रंग होता, मग गंज शिरला कुठून?

एखाद्या बारीक ओरखड्यातून. तिथे पाणी आणि हवा लोखंडाला गाठतात. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. उशीत कापूस कोंबावा तसा तो रंग वर उचलतो, आणि त्या फटीत आणखी पाणी मुरतं. मेहरौलीच्या लोहस्तंभावर फॉस्फरसमुळे घट्ट थर बसला, म्हणून तो सुमारे १६०० वर्षं टिकला. आपल्या सायकलचं तेवढं नशीब नाही.

तेव्हा आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, तोही फुग्याच्या कडेपलीकडे बोटभर. खळग्यातल्या डागावर चिंचेचा कोळ लावा. आंबटपणा गंज विरघळवतो. मात्र लगेच धुऊन कोरडं करा, नाहीतर तो लोखंडही खाईल. टर्पेंटाइनच्या बोळ्याने तेलकटपणा पुसला, की प्रायमर त्याच दिवशी.

गंमत म्हणजे रेड ऑक्साइड प्रायमरचा लाल रंग हाही गंजाचाच भाऊबंद, लोखंडाचं ऑक्साइड! राख पुन्हा जळत नाही, तसा तो पुन्हा गंजत नाही, इतकंच.