केबलवरचा देव

केबल कंपन्या स्वतःच्या ज्या वाहिन्या चालवतात, त्यांच्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी नियम जाहीर केले. वाहिनीमागे नोंदणीचे १,००० रुपये. एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांहून जास्त अशा वाहिन्या नकोत. आणि एका कंपनीचा कार्यक्रम दुसरीने दाखवायचा नाही. या शेवटच्या अटीतून सूट मिळाली ती देवळं, गुरुद्वारे अशा ठिकाणच्या थेट प्रक्षेपणाला. देवाचं थेट दर्शन पडद्यावर सगळ्यांना हवं असतं, ही गोष्ट मुंबईच्या गल्ल्यांनी कायद्याच्या कितीतरी आधी ओळखली होती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पण घराघरांत टीव्हीसमोर हात जोडले जाऊ लागले ते २५ जानेवारी १९८७ पासून, रामानंद सागरांच्या ‘रामायणा’मुळे. पुढे २००० साली ‘आस्था’ आणि ‘संस्कार’ या धार्मिक वाहिन्या आल्या. प्रवचन, भजन, योग असा त्यांचा दिवस. वेळ बहुतेक विकत घ्यायची, त्यामुळे ज्याच्यामागे पैसा त्याचं प्रवचन. भाषा मुख्यतः हिंदी. गावोगावच्या कीर्तनकाराला तिथे जागा मिळणं अवघडच होतं.

खरी स्थानिक धार्मिक वाहिनी चालवली ती केबलवाल्याने. नव्वदच्या दशकात गच्चीवर डिश आणि खाली एका खोलीत कंट्रोल रूम असे. तिथे प्रत्येक वाहिनीला एक मॉड्युलेटर. एखादी फ्रिक्वेन्सी रिकामी असली की तिच्यावर आपला व्हीसीआर जोडायचा, झाली वाहिनी. रात्री सिनेमा, सकाळी भजनाची कॅसेट, आणि गणपतीत मंडपातून थेट वायर ओढून आरती. इमारतीवरून इमारतीवर गेलेल्या त्या काळ्या वायरीतून चार गल्ल्यांचा उत्सव घरात येई. गुडघ्याच्या दुखण्यामुळे जिना उतरू न शकणाऱ्या आजीला आपल्याच मंडळाचा गणपती दिसे, आणि आरतीच्या गर्दीत तिचा नातूही.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून पाहिलं, तर या गोष्टीला आणखी एक पदर आहे. बधवार पार्कला लागून समुद्राच्या काठावरची ही कोळ्यांची वस्ती, मागे उंच टॉवर. लोकांना हे नाव २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्रीमुळे माहीत झालं, याचं वाईट वाटतं. कारण मुंबईच्या उत्सवाशी कोळ्यांचं नातं त्याहून फार जुनं आहे. लालबागचा राजाच घ्या. १९३२ मध्ये पेरू चाळीचा बाजार बंद झाला, तेव्हा तिथल्या मासळीवाल्यांनी आणि इतर विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. १९३४ ला गणपती बसला, पहिली मूर्ती कोळी वेशात. आज त्याच राजाचं दर्शन पडद्यावर होतं. नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. टीव्हीची ही तिसरी रांग, जिच्यात धक्का नाही आणि चरणस्पर्शही नाही. पहाटे मासळीच्या लिलावाला निघणाऱ्या बाईला ही तिसरी रांगच परवडते, असं मला वाटतं. मात्र एकवीरा आईच्या पालखीला, नारळी पौर्णिमेच्या नाचाला मोठ्या वाहिन्यांवर बातमीपुरती जागा. बाकीचं कोळ्यांनी व्हीसीडीवर आणि केबलवर भागवलं.

मग ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. सिग्नल मोठ्या कंपनीच्या केंद्रातून कुलूपबंद होऊन येऊ लागला. मध्येच आपली वाहिनी घुसवण्याची गल्लीतल्या केबलवाल्याची सोय गेली. वाहिन्या राहिल्या, पण त्या कंपनीच्या. मोठी देवस्थानं त्यांत मावली, छोटी मंडळं सुटली. काही वर्षांतच मोबाइल हाताशी आला. २०२० मध्ये कोरोनामुळे मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत देवळं बंद होती आणि लालबागला मूर्तीऐवजी ‘आरोग्य उत्सव’ झाला, तेव्हा अनेक मंडळांनी फोन स्टँडला लावून स्वतःच आरती दाखवली.

हे चांगलंच झालं. पण केबलच्या त्या दिवसांचं चित्रण कुणी जपलं? व्हीएचएस फितीला बुरशी लागते, आणि त्यात समुद्राची खारी हवा. सिनेमाचा वारसा जपायला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. गल्लीच्या आरतीला तसं घर नाही. एखाद्या विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने केबलवाल्यांच्या आणि मंडळांच्या कपाटांतल्या फिती गोळा करून त्यांच्या डिजिटल प्रती काढल्या, तर मुंबईच्या मराठी उत्सवाची दोन दशकं हाती लागतील. सुरुवात कोळीवाड्यांपासून करावी, कारण फिती तिथे सगळ्यात आधी खराब होणार.