सहा षटकारांच्या आधीचे चार बळी

सुरतच्या पिठावाला मैदानावर ९ नोव्हेंबर २०२५ रोजी मेघालयाच्या आकाश चौधरीने काय केलं, ते एव्हाना सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे. सलग आठ षटकार, त्यातले सहा अरुणाचलच्या लिमार डाबीच्या एकाच षटकात, आणि अकरा चेंडूंत अर्धशतक. आठव्या क्रमांकावर आलेला हा मुळात गोलंदाज. पहिला चेंडू निर्धाव, मग दोन एकेरी धावा, आणि तिथून जो सुटला तो सुटलाच. रणजीचा प्लेट गट होता, गोलंदाजी दुबळी होती, हे सगळं मान्य. तरी ओळीने आठ चेंडू सीमेपार धाडायला मनगटात दम लागतोच.

मोडला तो लेस्टरशायरच्या वेन व्हाइटचा बारा चेंडूंचा विक्रम. २०१२ साली त्याने तो एसेक्सविरुद्ध केला होता. डर्बीशायर, लेस्टरशायर, लँकेशायर अशा कौंटी फिरलेला हा मध्यमगती गोलंदाज इंग्लंडकडून कधी खेळला नाही. मिनिटांच्या हिशेबातला विक्रम मात्र शाबूत आहे. तोही लेस्टरशायरचाच. मूळ कोलंबोच्या क्लाइव्ह इनमनने १९६५ मध्ये आठ मिनिटांत पन्नास केल्या. त्या दिवशी नॉटिंगहॅमशायरवाले डाव लवकर घोषित व्हावा म्हणून मुद्दाम संथ फुलटॉस देत होते. विक्रमांच्या वहीत हे लिहायला रकानाच नाही, आणि माझ्या मते तो असायला हवा.

सुरतच्या बातमीत सर गारफिल्ड सोबर्स आणि आपला रवी शास्त्री यांची नावं आली. प्रथम श्रेणी सामन्यात एका षटकात सहा षटकार मारणारे आकाशच्या आधीचे ते दोघेच. पण ज्याला सोबर्सचा मार पडला त्या माल्कम नॅशबद्दल कुणी दोन ओळीही लिहिल्या नाहीत. ही जुनी सवय आहे.

३१ ऑगस्ट १९६८, वेल्समधलं स्वॉन्सी. ग्लॅमॉर्गनचा तेवीस वर्षांचा नॅश हा डावखुरा मध्यमगती गोलंदाज. त्या दिवशी कर्णधार टोनी लुइसच्या संमतीने तो संथ फिरकी टाकून पाहत होता. नवी कला आजमावायला आणि समोर सोबर्स उभा असायला एकच गाठ पडली. चार षटकार झाले. पाचव्या चेंडूवर रॉजर डेव्हिसने सीमेजवळ झेल टिपला, तोल गेला आणि तो पाठीवर पडला, खांदे सीमेपलीकडे. सोबर्स परत निघाला होता. अंपायरांनी विचारविनिमय केला आणि हात वर केले: षटकार. झेल ग्राह्य धरला असता तर नॅशचं नाव आज कुणालाच ठाऊक नसतं. सहावा चेंडू मैदानाबाहेर गेला. बीबीसीचा कॅमेरा चालू होता, त्यामुळे ते षटक आजही जसंच्या तसं बघता येतं.

धावफलक मात्र फारसं कुणी उघडून बघत नाही. सोबर्सच्या नॉटिंगहॅमशायरने ५ बाद ३९४ वर डाव सोडला. पडलेल्या पाचपैकी चार बळी याच नॅशचे होते!

पुढच्याच वर्षी ग्लॅमॉर्गन एकही सामना न हरता कौंटी विजेते झाले. नवा चेंडू नॅशच्या हातात असायचा. १९७५ मध्ये बेसिंगस्टोकला त्याने हॅम्पशायरचे ५६ धावांत नऊ गडी बाद केले. फलंदाजीत दोन शतकंही आहेत. स्वॉन्सीचा भोग मात्र सरला नव्हता: १९७७ मध्ये तिथेच लँकेशायरच्या फ्रँक हेसने त्याच्या एका षटकात ३४ धावा लुटल्या. तरी गडी गोलंदाजी टाकत राहिला. १९६६ ते १९८३ इतकी वर्षं कौंटीत टिकणं म्हणजे उन्हापावसात, दर आठवड्याला, बहुतेक रिकाम्या मैदानांवर राबणं. कसोटीची टोपी नाहीच मिळाली. कारकीर्द संपली तेव्हा खात्यावर ९९३ बळी होते, हजाराला सात कमी.

आपल्याकडेही तेच झालं. १० जानेवारी १९८५ रोजी वानखेडेवर शास्त्रीने बडोद्याच्या तिलक राजला सहा षटकार मारले, ११३ मिनिटांत द्विशतक केलं, आणि दोन वर्षांनी नॅशच्याच ग्लॅमॉर्गनकडून खेळायला गेला. तिलक राज मात्र त्या एका षटकातच अडकून पडला. डर्बनला युवराजचा मार खाल्लेला स्टुअर्ट ब्रॉड त्यातून सुटला, पण त्यासाठी त्याला कसोटीत ६०४ बळी घ्यावे लागले. ९९३ प्रथम श्रेणी बळी असलेल्या नॅशला ती सूट कुणी दिली नाही. २०१९ मध्ये तो गेला तेव्हाही मृत्युलेखांच्या मथळ्यांत सोबर्सचे षटकारच होते.

लिमार डाबीचं पुढचं वाक्य अजून लिहिलं गेलेलं नाही. प्लेट गटाच्या सामन्यांना पुढच्या मोसमात वर्तमानपत्रात चार ओळी मिळाल्याच, तर त्यातली एक त्याच्या बळींवर खर्च व्हावी.